सहाव्या आज्ञेपाशी

पहिली आज्ञा सगळ्यांनी मिळून म्हटली. दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी चालू असताना मागच्या सतरंजीवर एक पोर शिंकलं.

सहावी.

"खून करू नको," मंडळी म्हणाली. जाईबाई गप्प राहिली.

मंडळी थांबली नाही. सातवी, आठवी करत दहावीपर्यंत गेली आणि आमेन म्हणून मोकळी झाली. गोष्ट मात्र इथंच थांबते, कारण जाईबाई इथं थांबली. आपण तिच्यापाशी बसू.

पलूसकडच्या एका गावातलं पत्र्याचं देऊळ. खांबांना झावळ्या बांधलेल्या, कारण तो झावळ्यांचा रविवार. पुढच्या रविवारी पुनरुत्थानाचा सण, आणि त्याच दिवशी प्रभुभोजन. भोजनाआधी पाळकांनी घरोघर जाऊन विचारायचं, कुणाशी वैर आहे का, अशी तिथली रीत. वैर मनात ठेवून भाकरीला हात लावायचा नाही. आदल्या दिवशी शामुवेल पाळक जाईबाईच्या ओसरीवर येऊन बसले होते.

"काय जाईबाई, कुणाशी वैर?"

"कुनाशीच न्हाई जी."

"भावाबिवाशी?"

"भाऊ मेला न्हवं माझा. मेल्याशी कसलं वैर?"

पाळक चहा पिऊन पुढच्या घरी गेले.

आणि आज तेच पाळक सांगत होते, "तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं कुणाला मारलंय? पण प्रभूनं ही आज्ञा कुऱ्हाडीवरून उचलली आणि जिभेवर ठेवली. भावावर राग धरतो, त्याला तोडून बोलतो, तोही त्याच न्यायापुढं उभा."

जाईबाईला सहावी आज्ञा नेहमी सगळ्यांत सोपी वाटायची. कोंबडी कापायची तर ती शेजारणीला हाक मारायची. आज तीच आज्ञा उठून तिच्यापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, भाऊ कुठाय?

सहावी, पुन्हा.

तिचा भाऊ यल्लाप्पा मेला नव्हता. लोणंदला कांद्याच्या वखारीत पोती उचलत होता.

जाईबाईचा नवरा कोंडीबा पान लागून, म्हणजे साप चावून गेला तेव्हा लेक मार्था अंगणात रांगत होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही. पहिला घास माहेरच्यांनी आणायचा. कडू घास म्हणतात त्याला. जाईबाईला माहेर म्हणजे एक भाऊ. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दिवस मावळताना ती कृष्णेवर गेली, भावाच्या नावानं मडकं फोडलं आणि डोक्यावरून पाणी घेतलं. जित्या भावाची मेल्याची अंघोळ! तिचा लग्नाआधीच बाप्तिस्मा झालेला, पण हातांना जुनी रीत पाठ होती.

मार्था बोलू लागली आणि मामा कुठं म्हणून विचारू लागली, तेव्हा सांगून टाकलं, मेला. पोरीनं ते मनावर घेतलं. सणाच्या पहाटे सगळे कब्रस्तानात जात, आपापल्या कबरींवर फुलं ठेवत. मार्थानं बापाच्या कबरीशेजारी एक धोंडा मांडला. मामाचा. त्यावर ती दरसाल झेंडूचा हार घालायची. फुलं जाईबाईच काढून द्यायची.

सोमवारी ती भिलवडी स्टेशनावर लोणंदच्या गाडीत बसली. मार्थाला म्हणाली, कामाला जाते.

वखारीपुढं कांद्याच्या सालींचा ढीग होता. भर दुपार. हमाल पोत्यांच्या सावलीला जेवायला बसलेले. यल्लाप्पा तिच्याकडं पाठ करून भाकरी खात होता. केस पांढरे झाले होते. मानेवरची शीर उडत होती.

जाईबाई त्या शिरेकडं बघत राहिली. किती वर्षं ती याला मेला म्हणत आली होती. आणि तितकी सगळी वर्षं कुणीतरी, तिला न विचारता, याच्या नाकात श्वास फुंकत होतं. पोतं उचलताना, भांडताना, झोपेतसुद्धा. देवानं मातीच्या माणसात श्वास फुंकला हे तिनं देवळात कितीदा ऐकलं होतं. तिला वाटायचं, एकदाच फुंकला आणि काम संपलं. तसं नव्हतं. हितं, लोणंदच्या बाजारात, सालींच्या धुरळ्यात तेच काम अजून चाललं होतं. तिनं चप्पल काढली, देवळाच्या दारात काढावी तशी.

"कोन हाय गं?" यल्लाप्पा वळला. "जाई? आगं, उन्हात अनवाणी काय हुबी ऱ्हातीस? बस. भाकरी खा."

"यल्लाप्पा, मी तुला मारलंय."

त्यानं कांदा बुक्कीनं फोडला. "कवा?"

"धनी गेले तवा. कृष्णेवर मडकं फोडलं तुझ्या नावाचं."

"आन मग हितं पोती कोन उचलतंय? मुकादमाला सांग, मेल्याकडनं काम घेतोस म्हनावं!" हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. वखारीतला जुना खोकला.

ती हसली नाही. त्यानं हातातली भाकरी खाली ठेवली.

"सांगावा पोचला हुता," तो म्हणाला. "भामानं, तुझ्या भावजयीनं, भाकरी बांधून दिल्ती. टेसनावर बसलो. गाडी आली, गेली. तुझं मोकळं कपाळ बघायचा धीर झाला न्हाई. भ्यालो गं. ती भाकरी तितंच बसून खाल्ली."

"माझा घास तू खाल्लास?"

"व्हय. अजून गिळतोय."

मग जाईबाईनं पाळकांचं बोलणं सांगितलं, सहाव्या आज्ञेचं.

"आमच्यात ते पयलंच हाय," यल्लाप्पा म्हणाला. तो छप्पन्नानंतर गावाबरोबर बौद्ध झाला होता. "रोज सकाळी पंचशील म्हंतो. तुमी लय उशिरा घेता."

जाईबाईनं हात लांब करून त्याच्या मानेवर ठेवला. शीर तिच्या बोटांखाली उडाली.

"रविवारी ये," ती म्हणाली. "पोरीला तोंड दाखव."

पोरीला आधी सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला.

सणाच्या पहाटे कब्रस्तानात गाणं चाललं होतं. मार्था हार घेऊन धोंड्यापाशी वाकली तेवढ्यात फाटकातून एक माणूस आला, स्टेशनावरून थेट, खोकत.

"ह्ये कोन गं आये?"

"मामा."

"कुटला?"

जाईबाईनं धोंड्याकडं बोट केलं. "ह्योच."

मार्थानं धोंड्याकडं पाहिलं. माणसाकडं पाहिलं. शेजारच्यांचं गाणं विस्कटलं.

"म्हंजी तू खोटं बोललीस?"

"खोटं न्हाई. त्याच्याहून वाईट."

यल्लाप्पानं खाली बघितलं, मग मान वाकवली. "हार माझ्याच नावाचा न्हवं? घाल की मग, सुकून जाईल."

मार्थानं लगेच घातला नाही. आधी त्याच्या गालात बोट रुतवून पाहिलं. गाल ऊन होता. तिनं बोट झटक्यानं मागं घेतलं आणि मग हळूच पुन्हा ठेवलं.

देवळात भाकरी आणि द्राक्षरस मांडला होता. यल्लाप्पा आत आला नाही, पायरीवर बसला. आज्ञा सुरू झाल्या. जाईबाईनं पाचवी म्हटली. सहावी म्हटली, हळू, एकेक शब्द तळहातावर घेतल्यासारखा. मंडळी सातवीसाठी श्वास घ्यायला थांबली, आणि तेवढ्या शांततेत बाहेर पायरीवर, गळ्यात हार घातलेला माणूस खोकला.

जाईबाई तो खोकला ऐकत राहिली. सातवी म्हणायची राहूनच गेली.