मास्तरांच्या फोनातली मापं

हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही, पण टेलर मास्तरांचा मोबाइल इतका गच्च भरला होता, की एका बाजूनं कुणी कॉलरचा फोटो पाठवला की दुसऱ्या बाजूनं एखादं जुनं गाणं टपकन जमिनीवर पडायचं. मास्तर ते उचलून झटकायचे आणि शिलाई मशीनच्या खणात टाकायचे.

"मग खण उघडल्यावर वाजत का नाही?" शेजारच्या सलूनवाल्यानं विचारलं होतं.

"गुंडाळून ठेवलंय. रिळावर चढवल्याशिवाय वाजेल कसं?"

तर अशा या फोनात जागा करायला मास्तरांची धाकटी बसली होती. गुरुवारी तिला दूरच्या शहरात नोकरीवर रुजू व्हायचं होतं. रोज संध्याकाळी बाबांचं तोंड बघून बोलायचं, म्हणून त्यांच्या फोनात त्याचं ॲप टाकून जायचा तिचा हट्ट होता. आणि फोन म्हणत होता, जागा नाही.

दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली होती. पाटी उतरवली होती, पण कापायचं मोठं टेबल, टाचण्यांची वाटी आणि इस्त्रीनं पिवळी पडलेली चादर जिथल्या तिथं होती. धाकटी त्या टेबलावर मांडी घालून बसली, लहानपणी चिंध्यांच्या बाहुल्या करत बसायची तशी. सलूनवाला गिऱ्हाईक नसलं की पेपर घेऊन इथंच टेकायचा. तोही होता.

"बाबा, हे बुडबुड्याचं काय आहे?"

"टेबल सपाट आहे का ते बघायचं. एकदा ठेवून पाहिलं तर टेबल सरळ, रस्ताच तिरका निघाला. मी कळवलं. रात्रीतून येऊन सरळ करून गेले."

"मी रोज त्याच रस्त्यानं येतो, मास्तर," पेपराआडून आवाज आला.

"म्हणून तर तू हल्ली सरळ चालतोस."

बुडबुडा गेला. पावलं मोजायच्या ॲपवर धाकटीचं बोट आलं तसे मास्तर स्टुलावरून अर्धे उठले. "ते राहू दे! फोन पायमोज्यात खोचून मशीन चालवायचो. अठरा कोटांची ऑर्डर होती. संध्याकाळी त्यानं अभिनंदन केलं, म्हणे आज तुम्ही डोंगर ओलांडलात. बसल्या जागी! तुझी आई म्हणाली, येताना पलीकडून भाजी तरी आणायची."

धाकटी हसली आणि तेही काढून टाकलं. मग दाढीमिशा लावायचं ॲप निघालं. त्यातला एक फोटो उघडला तर आई राजासारखी दाढी लावून दरडावत होती, बाबांच्या डोक्यावर दोन वेण्या होत्या, आणि मागं उभ्या सलूनवाल्याच्या तुळतुळीत टकलावर कुरळ्या केसांचा ढीग.

"वहिनींनी मला जन्मात पहिल्यांदा केस दिले हो," सलूनवाला पेपर खाली घेऊन म्हणाला. "आठवडाभर मी तो फोटो गिऱ्हाइकांना दाखवत होतो. धंदा वाढला."

मग धाकटीनं फोटो ठेवला, ॲप काढलं, आणि म्हणाली, "तरी होत नाहीये. सगळी जागा खाल्लीय ती या आवाज भरायच्या ॲपनं. तीनशे बारा तुकडे! काय आहे यात?"

"मापं."

"कुणाची?"

"गिऱ्हाइकांची, आणखी कुणाची?"

मास्तरांची रीत अशी, की ते टेपेनं माप घ्यायचे आणि मोठ्यानं सांगायचे. टेबलाच्या टोकाला बायको वही घेऊन बसायची आणि लिहून झालं की म्हणायची, "हं." त्या 'हं'शिवाय टेप छातीवरून कमरेवर सरकायची नाही. चाळीस वर्षं असं चाललं. पुढं तिला वहीच्या रेघा दिसेनाशा झाल्या. तेव्हा तिनंच हे ॲप शोधून काढलं. मेणबत्ती धरावी तसा फोन समोर धरून बसायची. लिहायचं काही उरलं नव्हतं, तरी 'हं' म्हणायचं मात्र तिनं सोडलं नाही.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मास्तरांनी दुकान उघडलं. पहिल्याच गिऱ्हाइकाला टेप लावली, "छाती अडतीस" म्हणाले आणि थांबले. किती वेळ थांबले कोण जाणे. शेवटी गिऱ्हाईक दबकत म्हणालं, "मास्तर, झालं का?" त्याच आठवड्यात पाटी उतरली. धाकटीला त्यांनी सांगितलं, गुडघे गेले.

आता तिनं त्या ॲपवर बोट ठेवलं. "काढू?"

"अगं, काढू काय! लोक येतात माप विचारायला."

सलूनवाल्यानं मान हलवली. "दोन वर्षांत इथं माशीसुद्धा माप द्यायला आली नाही, मास्तर."

"तू गप रे. तू भिंतीपलीकडे लोकांचे कान भादरत असतोस, तुला काय दिसतं?"

"बाबा, मी रोज तुम्हाला बघू शकेन. यापेक्षा ही जुनी मापं मोठी आहेत का?"

या प्रश्नाला सरळ उत्तर होतं. पण सरळ उत्तर द्यायची मास्तरांच्या जिभेला सवय नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

"बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा, तो माणूस आठवतो? त्याची छाती छप्पन्न इंच. टेप पुरेना. एक टोक त्याच्या हातात दिलं, मी दुसरं घेऊन प्रदक्षिणा घातली, मध्ये पाणी प्यायला थांबलो. असं माप जगात दुसऱ्या टेलरकडे नाही. उद्या तो आला तर काय तोंड दाखवू?"

"आहे ते माप यात?"

"सत्त्याहत्तर नंबर," मास्तर म्हणाले. एक क्षणही न थांबता.

धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं. तीनशे बारा तुकड्यांना नावं नव्हती, नुसते आकडे होते. ज्या माणसाला स्वतःचा फोन नंबर पाठ नाही, त्याला हा नंबर पाठ. तिनं सत्त्याहत्तरावर बोट टेकवलं.

आधी पंख्याची खरखर. मग मास्तरांचा आवाज, आतापेक्षा भरदार. "खांदा साडेएकोणीस."

"हं."

धाकटीचं बोट हवेत राहिलं. सलूनवाल्यानं पेपराची घडी घातली.

"बाही पंचवीस."

"हं."

"बाबा," धाकटी हळूच म्हणाली, "सगळ्यांत आहे?"

मास्तर खिडकीकडे बघत होते. "आहे. एकशे चारमध्ये शिंकली आहे."

तिनं खिशातून स्वतःचा फोन काढून त्यांच्या फोनाला टेकवून ठेवला. "आधी सगळे माझ्याकडे घेते. दोघांकडे राहतील. मग इथं जागा करू." आणि आवाज वाढवला.

"तू विषय बदलू नकोस," मास्तर सलूनवाल्याकडे वळून म्हणाले, खरं तर तो काहीच बोलला नव्हता. "ऐक आता. छप्पन्न. कान देऊन ऐक."

फोनात टेपेची सळसळ झाली. कुणीतरी मोठा श्वास भरून छाती फुगवली. मग मास्तरांनी ऐटीत आकडा ठोकला, "छाती छप्पन्न!"

या वेळी 'हं' आलं नाही.

"खोटं!" फोनातून आईचा आवाज आला. "बेचाळीस आहे. टेपेखाली अख्खी उशी कोंबलीय यांनी!"