पत्रांच्या पानावरचा वैरी

शिवणकाम करणारी एक ताई आणि ‘खडूस मास्तर’ या नावानं लिहिणारा एक वाचक कुस्तीच्या मासिकातल्या पत्रांच्या पानावर नऊ वर्षं भांडत होते. तिच्या पत्राला सुईचं टोक, त्याच्या पत्राला छडीचा मार. मग तीन अंक मास्तरांचं पत्रच आलं नाही. जिवाला घोर लागून ती त्यांचा पत्ता विचारायला मासिकाच्या कचेरीत गेली.

संपादक खो खो हसले. “अहो ताई, तो मीच! पान भरायला लिहायचो. आता जाहिरातींनीच भरतं.”

“माझी आई गेली, तेव्हा ‘या महिन्यात भांडण नको, बाई’ असं लिहिलं होतं त्यांनी.”

“तेही मीच.” त्यांचं हसू ओसरलं.

ती उठली. “कुस्त्यांचे निकाल आधीच ठरलेले असतात, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याचं कधी वाईट नाही वाटलं. पण हा एक माणूस मी खरा धरला होता हो.”