बुचाखालची खूण

उंची अत्तरांच्या बाटल्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे सूनबाईच म्हणत. घासकामाच्या बाकावर आधी तिची सासू बसायची. सासूचे गुडघे कुरकुरू लागले तसा बाक सुनेकडे आला. मग बाळ झालं, ती रजेवर गेली आणि बाकावर दुसरंच कुणीतरी ठाण मांडून बसलं. परत आल्यावर शेडच्या मास्तरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की आज गिऱ्हाईकाच्या नमुन्याची बाटली निभावली तर बाक तिचा, नाहीतर पॅकिंग. पॅकिंग काही वाईट नव्हतं, पण तिथे काच हातात येते ती पुठ्ठ्यात घालण्यापुरती.

बाटली जाडजूड, पैलूदार, बूचही काचेचंच. मध्ये ना रबर, ना आटे. ओली वाळूपूड लावून बूच त्याच बाटलीच्या गळ्यात फिरवत राहायचं, थेंबही निसटणार नाही इतकं दोघांचं जमेपर्यंत. मग ते बूच दुसऱ्या कुठल्या बाटलीला लागत नाही. सासू म्हणायची, आम्ही जुळवलेली लग्नं मोडत नाहीत.

तिचा हात काही विसरला नव्हता. सकाळची खरखर दुपारपर्यंत रेशमासारखी झाली. तिने बाटली गरम पाण्यात धुतली, पुसली, आणि तेवढ्यात घरून सासूचा निरोप आला: बाळाने एकदाची बाटली तोंडात धरली, पोटभर प्यायलं, झोपलं. चार दिवस ते दुधाच्या बाटलीला तोंड लावत नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याच आनंदात तिने बूच गळ्यात बसवून टाकलं.

"वहिनी, कागद?" शेजारच्या बाकावरून नणंद म्हणाली.

काच निवेपर्यंत बूच आणि गळा यांच्यामध्ये कागदाची पट्टी ठेवायची, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात. गरम गळा निवताना आवळतो आणि बूच गिळून बसतो. तिने घाईने फिरवून पाहिलं. बूच ढिम्म हललं नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं लाकडी हातोडीने ठोक, कुणी म्हणालं उकळतं पाणी ओत. हा दुसरा सल्ला ज्याने शेवटचा ऐकला, तो अजून पॅकिंगलाच आहे, असं नणंदेने ऐकवलं. मास्तर आले, बाटली पाहिली आणि स्टूल ओढून बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिने फडकं कोमट केलं, फक्त गळ्याभोवती गुंडाळलं. बुचाच्या माथ्यावर गार पाण्यात बुडवलेली बोटं ठेवली. गळा फुलायला हवा, बूच आक्रसलेलंच राहायला हवं, आणि हिसका एकही नको. हिसक्याने काच तडकते.

पहाटेच तिने झोपलेल्या बाळाच्या मानेखालून आपला हात काढून घेतला होता. तो हात ओढायचा नसतो. बाळाने श्वास घेतला की थांबायचं, सोडला की केसभर सरकायचं. घाई केली की डोळे टक्क उघडतात.

तिने डोळे मिटले. केसभर फिरवलं. थांबली. पुन्हा केसभर. फडकं पुन्हा कोमट करून आणलं, पुन्हा गुंडाळलं.

टक्.

बूच तिच्या हातात होतं. गळ्याला चराही नव्हता.

मग बाटलीत रंगीत स्पिरिट भरलं, बूच लावलं आणि सुट्टीची घंटा होईपर्यंत ती पांढऱ्या कागदावर उलटी ठेवली. घंटा झाली तेव्हा घरी पळायचं सोडून सगळे तिथेच रेंगाळले. मास्तरांनी बाटली उचलली. कागदावर बोट फिरवलं, तो नाकाशी नेला, उजेडात धरला. कोरा करकरीत. मग दोन बोटांनी बूच फिरवलं, तर ते अलगद वर आलं.

"तुझ्या सासूचं बूचसुद्धा इतकं गुपचूप उघडायचं नाही," ते म्हणाले. "घरी सांगू नकोस."

सगळ्या शेडमध्ये हशा पिकला. मास्तरांनी काच कोरायची हिरकणी तिच्यापुढे धरली. बाकावरचा प्रत्येक जण बुचाच्या तळाशी आपली खूण कोरतो, गिऱ्हाईकाला कधी न दिसणारी. आजवर ती सासूचीच चंद्रकोर काढत आली होती.

"बाक तुझा. आता खूणही तुझी काढ."

तिने एक हलकीशी वाकवलेली रेघ ओढली आणि खाली चार बारीक पापण्या.

नणंदेने मान वाकडी करून पाहिलं. "हे काय गं, कंगवा?"

"हळू बोला, वन्सं," ती हसू दाबत म्हणाली. "झोपलंय."