गार पडत गेलेला वरवंटा

ऐका ना, हसू नका आधी, ह्याच हातांनी धरलाय मी तो वरवंटा.

आमचं नवं जयनगर, अर्धे प्लॉट अजून रिकामे, पण महिला मंडळ आहे. पद्मावतीअक्का अध्यक्ष, त्यांच्याच पुढच्या खोलीत भरतं. बाळंतिणींना वाटायला परदेशी दूधपावडरचे डबे येतात ना, तेही तिथल्याच कपाटात. तर मागच्या गल्लीतली प्रतिमा आली. सोळा वर्षांची, लग्न नाही, हातात तान्हं पोर. तापानं दूध आटलेलं. म्हणाली, एक डबा द्या. झालं, वादच पेटला.

अक्का म्हणाल्या, "आज हिला दिला की उद्या सगळ्या पोरींना वाटेल, चालतं."

हेमलताबाई, त्या पुण्याच्या, म्हणाल्या, "अहो, दूध पोर पिणार आहे, सगळ्या पोरी नाहीत."

"तुमच्या पुण्यात चालत असेल."

कपाटाला कुलूप. प्रतिमा इथल्या कानडीत "सरी अक्का", बरं अक्का, म्हणाली आणि गेली.

त्याच आठवड्यात अक्कांच्या नातवाचं बारसं. बाळाआधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून-वरून देतो ना आपण, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या? माझ्याकडे आला तर ऊन. अगदी अंगाशी धरलेल्या पोरासारखा. म्हटलं, उन्हात ठेवला असेल. फिरून आला तर स्वल्प गार. हेमलताबाई माझ्याकडेच बघत होत्या, त्यांनाही कळलेलं. पुन्हा आला तेव्हा मी बोलून गेले, "हा गार पडतोय."

"काहीतरीच तुझं," म्हणत अक्कांनी तो घेतला. आणि टोपड्याखाली हात घालून चाचपत राहिल्या, आपण पोराचा ताप बघतो तशा. गाणं थांबलं. नातू तिकडे भुकेनं रडतोय, त्याच्याकडे लक्ष नाही. वरवंटा हेमलताबाईंकडे दिला, कमरेची किल्ली काढली, डबा घेतला आणि अनवाणी धावत सुटल्या. मी मागे.

प्रतिमा उंबऱ्यात बसलेली. मांडीवर पोर, त्याच्या तोंडावरून पदर. रडत नव्हती. अक्कांनी डबा पुढे केला तर तिनं पदर तेवढा नीट केला.

अक्का तिच्यापुढे खाली बसल्या. म्हणाल्या, "नाव काय गं ठेवलं होतंस?"

"नव्हतं ठेवलं अजून. आत्या कुठली त्याला? तुम्हालाच बोलावणार होते, अक्का."