न उगवणारा उपग्रह

मोजणी कार्यालयाच्या आवारात, सायकलींच्या शेडसमोर, सिमेंटचा एक खांब होता. त्याचे नेमके स्थान पूर्वीच ठरवून ठेवलेले असल्यामुळे नव्या यंत्रांची आणि जुन्या माणसांची परीक्षा त्याच्यावरच होई. खांबावर उपग्रहांवरून स्थान सांगणारा रिसीव्हर ठेवायचा आणि त्याने दाखवलेले स्थान खऱ्या स्थानाच्या एक मीटरच्या आत आणायचे. जमले तर दुसऱ्या पथकाचे प्रमुखपद. नाहीतर भांडारात बसून खुंट्या मोजायच्या.

आज परीक्षा मेहुण्यांची होती. पहिल्या पथकाचे प्रमुख, दाजी, हे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. म्हणून कार्यालयात सगळ्यांचेच ते मेहुणे. बावीस वर्षे त्यांनी दुर्बिणीला डोळा लावून काढली होती. हे नवे यंत्र त्यांनी तीन महिन्यांत, वहीत एकेक पायरी उतरवून, आत्मसात केले. नुसता रिसीव्हर तीन-चार मीटर चुकतो. ती चूक किती, हे आकाशात एकाच जागी ठाण मांडून बसलेले काही उपग्रह सांगतात. त्यांचे ऐकायचे, तर सेटिंगमध्ये उपग्रहाची निवड ‘स्वयंचलित’ ठेवावी लागते. सकाळी मेहुण्यांनी ती तशी ठेवली; दोनदा मोजले, दोन्ही वेळा चूक साठ सेंटिमीटर.

तेवढ्यात दाजी आले. "आणा मेहुणे, बॅटरी बघतो. ऐन वेळी मान टाकली, तर तुमची ताई मला जेवायला वाढायची नाही."

दोन मिनिटे पाठमोरे उभे राहून त्यांनी यंत्र परत दिले. दुसऱ्याचा हात लागलेले यंत्र पुन्हा तपासल्याशिवाय वापरायचे नाही, हा मेहुण्यांचा शिरस्ता. पण दाजींच्या देखत तपासणे त्यांना प्रशस्त वाटले नाही.

साहेब कागद घेऊन खांबाशी उभे राहिले. पहिले वाचन: तीन पूर्णांक आठ मीटर. दुसरे: चार पूर्णांक एक.

"मेहुणे, खांब सरकला की काय?" आरेखक ओरडला.

"सायकल लावायला गेला असेल शेडमध्ये!" दुसऱ्याने जोड दिली. हशा पिकला. सर्वांत मोठ्याने दाजी हसले.

मेहुण्यांनी सेटिंग उघडले. ‘स्वयंचलित’ काढून तिथे हाताने एकच क्रमांक घातलेला होता. तो उपग्रह पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाचा. इथल्या क्षितिजाखाली कायमचा, कधीच न उगवणारा. यंत्र त्याचीच वाट पाहत डोक्यावरच्या, चूक सांगणाऱ्या उपग्रहांना दाद देत नव्हते. मेहुण्यांनी निवड बदलली, थोडे थांबले. शून्य पूर्णांक सहा. हशा विरला.

"मग तो क्रमांक कुणी घातला?" साहेबांनी विचारले. "तुम्ही घातला असेल, तर तुम्हाला पथक देता येणार नाही. दुसऱ्या कुणी घातला असेल, तर नाव सांगा. पथक तुमचं, आणि त्याची चौकशी लावतो."

दाजी रुमालाने चष्मा पुसत होते. "लवकर सांगा, मेहुणे. ताईला चार वाजता डॉक्टरकडे न्यायचंय. गेल्या खेपेला माझं डोकं फिरलेलं होतं, तर बिचारी सुजलेल्या पायांनी घरापर्यंत चालत आली." त्यांनी चष्मा चढवला. "आज माझं डोकं शांत आहे."

मेहुण्यांनी एकदा खांबाकडे पाहिले.

"मीच घातला," ते म्हणाले.

साहेबांनी कागदावर ‘भांडार’ लिहिले. दाजींनी मेहुण्यांच्या खांद्यावर थाप मारली. "बघा साहेब, चूक झाकत नाही. आमच्या घरचं माणूस आहे!"

संध्याकाळी मेहुणे बहिणीकडे गेले. ती स्टुलावर पाय ठेवून बसली होती.

"यांनी साहेबांपुढे तुझ्यासाठी केवढी रदबदली केली म्हणे. नाहीतर घरीच बसायची वेळ होती तुझ्यावर. आणि तू साधे आभारही मानले नाहीस? जा, आत आहेत ते."

दाजी आत वर्तमानपत्र वाचत होते. मेहुणे दारात उभे राहिले.

"उपकार झाले, दाजी."

"मोठ्याने बोला," पान उलटत दाजी म्हणाले. "तिला बाहेर ऐकू गेलं पाहिजे."