मावशीच्या गळ्यातला पाहुणा

शेवटी मावशीने लोलक दिला. स्वतःच्या हाताने दिला, आणि कायमचा दिला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. आता असं काही घडलंच नाही असं समजून पुढे वाचावं. मावशीही तसंच समजते.

लोलक अंबराचा होता. अंबर म्हणजे झाडाची राळ, कोट्यवधी वर्षं जमिनीत निवांत पडून राहिलेली आणि दगडासारखी घट्ट झालेली. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला काकांनी तो आणला, तेव्हा आत तिळाएवढा काळा ठिपका होता. "आत पाहुणा आहे," काका म्हणाले होते, "त्याच्याकडे भाडं मागू नकोस." पुढे काका गेले, पाहुणा राहिला. मावशीने लोलक गळ्यातून कधी म्हणून काढला नाही.

भाचा संग्रहालयाच्या कीटक विभागात होता, म्हणून घरात त्याला सगळे 'किडेमास्तर' म्हणत. एकदा मावशी त्याला वाढायला वाकली आणि लोलक थेट त्याच्या नाकासमोर आला. त्याने घास खाली ठेवला आणि खिशातलं भिंग काढलं.

"मावशी, हलू नकोस."

"अरे, हातात गरम भांडं आहे माझ्या!"

"मावशी, हा भुंगेरा आहे."

"मग काय, आम्हाला काय हत्ती वाटला होता?"

"आणि असा भुंगेरा मी आजवर बघितलेला नाही."

भाच्याला तोवर स्वतःचं असं काहीच सापडलं नव्हतं. विभागात तो इतरांच्या भुंगेऱ्यांची धूळ झटकायचा. नवी जात सापडली तर तिचं शास्त्रीय वर्णन लिहायचं आणि तिला काकांचं नाव द्यायचं, हे त्याने त्याच पंगतीत, हात न धुता ठरवून टाकलं.

"लोलक दे थोडे दिवस."

"लोलक गळ्यातून निघणार नाही," मावशी म्हणाली. "हवी तर मी येते."

आणि ती खरंच आली. रोज दुपारी डबा घेऊन कीटक विभागात यायची, सूक्ष्मदर्शकापुढे स्टुलावर बसायची आणि मान पुढे करून लोलक भिंगाखाली धरायची. शास्त्राच्या इतिहासात अनेक कीटकांची वर्णनं झाली असतील, पण मावशी जोडलेल्या अवस्थेत झालेलं हे बहुधा पहिलंच. तिने श्वास घेतला की भुंगेरा वर जायचा, सोडला की खाली. लांबी मोजायची वेळ आली की भाचा म्हणायचा, "श्वास रोख." मावशी रोखायची. मग मध्येच म्हणायची, "झालं का रे? मी जाईन आता काकांकडे."

वर्णन मात्र झकास उतरलं. शिंगं अशी, डोळे तसे, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाठीवर सात नाजूक, समांतर रेघा. त्या कुळातल्या एकाही भुंगेऱ्याला अशा रेघा नव्हत्या. नवी जात उभी होती ती या रेघांवर. भाच्याने मजकूर संग्रहपालबाईंपुढे ठेवला.

बाई कमी बोलत. त्यांनी मजकूर वाचला, उठल्या, मावशीच्या गळ्याशी वाकल्या, आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"हा लोलक साफ कशाने करता?"

"वेगळा कशाला करायचा?" मावशी म्हणाली. "भांडी घासून झाली की जाता जाता ह्याच्यावरही एक हात मारते. तारेची घासणी असतेच हातात."

भाच्याने मजकूर हळूच आपल्याकडे ओढला. डांबरगोळ्यांचा वाससुद्धा जरा ओशाळल्यासारखा झाला.

रेघा भुंगेऱ्याच्या नव्हत्याच. त्या अंबराच्या वरच्या पृष्ठभागावर होत्या. मावशी घासायची आडवी आणि भुंगेरा नेमका उभा निजलेला. भाच्याने दोन महिने खपून शास्त्रीय भाषेत एका घासणीचं वर्णन केलं होतं.

"पृष्ठभाग घासून गुळगुळीत करा," बाई म्हणाल्या. "मग आत खरं काय आहे ते दिसेल. कदाचित काहीच नवं नसेल." आणि त्या गेल्या.

"नको मावशी," भाचा म्हणाला. "काकांची वस्तू आहे. खरवडून ठेवीन आणि हाती भोपळा येईल. चल, घरी सोडतो तुला."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी शर्यतीत शेवटचा आला की तो असाच चेहरा करायचा आणि 'मला पळायचंच नव्हतं' म्हणायचा.

तिने हात मागे नेले. साखळीची कडी इतक्या वर्षांत जाम झाली होती, ती पुढे फिरवून दाताने सोडवावी लागली. लोलक तिने रुमालात ठेवला आणि रुमाल टेबलावर सरकवला.

"घास. पण मी इथेच बसणार."

भाच्याने अंबर पाण्यात बुडवला आणि सर्वांत बारीक पॉलिश पेपरवर हलक्या हाताने फिरवू लागला. दर दहा-बारा फेऱ्यांनी मावशी विचारी, "आहे ना रे आत?" जणू पाहुणा दार उघडून निघून जाणार होता. एकेक करून साती रेघा गेल्या. खाली पाठ निघाली साधी, गुळगुळीत, कुठल्याही भुंगेऱ्याला असते तशी. भाच्याचे कान लाल झाले.

"उलटा कर की," मावशी म्हणाली. "मी पोटाच्या बाजूनेही घासायचे."

त्याने ती बाजूही साफ केली आणि लोलक भिंगाखाली धरला. आता कुणाचा श्वास मध्ये येत नव्हता. मागच्या दोन्ही मांड्या फुगीर होत्या आणि आतल्या कडेने कंगव्यासारखे दाते होते. असे दाते त्या कुळात त्याने कधी पाहिले नव्हते. ते त्याने दोनदा मोजले, मग धावत बाईंना बोलावलं. बाईंनी बघितलं, कपाटातली पुस्तकं काढली, परत बघितलं, आणि म्हणाल्या, "हं."

बाईंचा 'हं' म्हणजे इतरांच्या टाळ्या.

"जात नवी आहे. फक्त ज्या नमुन्यावरून जात ठरते, तो आता इथे राहील. तरच आम्ही वर्णन छापायला पाठवतो."

"कधीपर्यंत?" मावशीने विचारलं.

"कायमचा."

भाच्याने लोलक उचलला आणि मावशीच्या हातात दिला. "घरी चल," तो म्हणाला. "जाऊ दे नवी जात."

मावशीने मूठ मिटली. बाईंना विचारलं, "ठेवणार कुठे ह्याला?"

"कुलपाच्या कपाटात. अंधारात, थंडाव्यात."

"शेजारी कोण?"

बाईंनी पहिल्यांदाच जरा विचार केला. "दोन मुंग्या आणि एक माशी. सगळे अंबरातलेच."

"स्वभावाने बरे आहेत ना?"

"आजवर तक्रार नाही," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

"आणि नाव ह्यांचंच लागणार?"

"काकांचंच," भाचा म्हणाला.

मावशीने मूठ उघडली. साखळी मात्र परत गळ्यात घातली, रिकामीच.

वर्णन छापून आलं. त्यानंतर कीटक विभागाला दर वर्षी एक अर्ज येतो. बाई तो नियमाप्रमाणे नामंजूर करतात, आणि नियमाबाहेर जाऊन जपून ठेवतात. यंदाचा असा:

'मा. संग्रहपाल, कीटक विभाग यांस. विषय: मूळ नमुना माझ्या लग्नाच्या वाढदिवशी एका संध्याकाळपुरता घरी जेवायला पाठवणेबाबत. महोदया, उपरोक्त पाहुणा मी गळ्यात घालून नेईन व गळ्यात घालूनच परत आणीन. त्याच्याकडे भाडे मागितले जाणार नाही. तारेची घासणी त्या दिवशी कुलपात ठेवण्यात येईल व किल्ली आपल्याकडे आगाऊ जमा केली जाईल. दोन मुंग्या व माशी यांची हरकत नसल्यास त्यांनाही सोबत पाठवावे, जागा आहे. तरी सदर विनंतीचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.'