शाळा एकच होती

डॉक्टर अबायान यांचा दवाखाना बाजारात, सुक्या मासळीच्या दुकानांमागे. मी तिथे सतरा वर्षं नर्स आहे. फिलिपिन्समधल्या समार बेटाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात कुणाला दमा आहे, कुणाला जिना चढवत नाही, कोण गोळ्या घेतल्याचं खोटंच सांगतो, सगळं त्यांना तोंडपाठ.

साथ आली तेव्हा मेयरनी समिती नेमली. पोलीस आले, मुख्याध्यापक आले, मेयरचा भाचाही आला. डॉक्टरांना मात्र बोलावणं नाही. मी चिडले, "तुम्हीच जा ना आपणहून!"

"बिनबोलावता गेलो तर म्हणतील, म्हातारा खुर्ची शोधत आला," ते हसले.

मग बाजारात नगरपालिकेचे दोन कागद लागले. एकावर लिहिलं होतं, साथीच्या रोग्यांना मोठ्या शाळेत ठेवायचं. दुसऱ्यावर, वादळ आलं तर किनाऱ्यावरच्या लोकांनी मोठ्या शाळेत जायचं. डॉक्टरांनी दोन्ही कागद दोनदोनदा वाचले.

"विर्जी, आपल्याकडे मोठी शाळा एकच आहे ना?"

दुसऱ्याच दिवशी मानापमान बाजूला ठेवून ते नगरपालिकेत गेले. मेयरचा भाचा म्हणाला, "डॉक, दोन्ही संकटं एकाच वेळी कशी येतील? तुम्ही पण ना!"

नोव्हेंबरात ती एकाच वेळी आली.

शाळेत तेव्हा तेवीस रोगी होते. त्यातली एक माझी थोरली बहीण, मना सोलेदाद; मना म्हणजे आमच्याकडे ताई. आम्ही दोघीच एका घरात राहायचो. तिला शाळेत मीच पोचवलं होतं. सकाळपासून वारा घोंगावू लागला आणि किनाऱ्यावरची माणसं तांदळाची पोती, कोंबड्या, लेकरं घेऊन फाटकाशी जमली. डॉक्टर धावत आले. लोकांना आत घ्यायचं तर रोगी कुठे न्यायचे? दुसरी पक्की इमारत गावात नव्हती; टेकडीवरचं जुनं वसतिगृह कुलूपबंद होतं आणि त्या वाऱ्यात तिथवर रोगी नेणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी रोग्यांना वरच्या मजल्यावर हलवलं आणि लोकांना खाली घेतलं.

दुपारी वरचं छप्पर उडालं.

भिजलेल्या रोग्यांना आम्ही एकेक करून खाली आणलं. कुठे ठेवणार? जिथे जागा होती तिथे, लोकांच्या मधेच. मना मात्र जिन्यात अर्ध्यावर बसली ती उठेना. वरून पाण्याचे लोट तिच्या अंगावर येत होते.

"चल ना गं मना, हात दे!"

"खाली तान्ही पोरं आहेत विर्जी. त्यांच्यात जाऊन खोकू? तू जा, त्या म्हातारीला धर आधी."

मी गेले. आजही मला कळत नाही, मी का गेले. डॉक्टर आपला रेनकोट तिच्या अंगावर टाकून दोन तास तिच्याशेजारी बसून होते. वारा पडला तेव्हा ती तापाने फणफणली होती. तिसऱ्या दिवशी गेली.

महिनाभरात साथीने आणखी तेरा माणसं गेली. बहुतेक खालच्या मजल्यावर आलेली, धडधाकट. त्या सगळ्यांच्या मृत्यूच्या दाखल्यांवर सही करायला मात्र नगरपालिकेने डॉक्टरांना न चुकता बोलावलं.

शेवटचा दाखला झाल्यावर मेयर स्वतः दवाखान्यात आले. "डॉक, चुकलंच आमचं. समितीत या."

मला वाटलं, डॉक्टर त्यांना हाकलून देतील. ते म्हणाले, "येतो. पण विर्जीलाही घ्या. घराघरात तीच जाते." मला मेयरचं तोंडही बघायचं नव्हतं, तरी गेले.

आता रोग्यांसाठी टेकडीवरचं ते वसतिगृह उघडलं आहे. कोणत्या घरातून कुणाला उचलून आणावं लागेल, याची यादी मी केली आहे.

गेल्या वर्षी पुन्हा वादळ आलं. त्याच आठवड्यात तापाची साथही होती. रोगी टेकडीवर गेले, लोक शाळेत. तिसऱ्या दिवशी सगळे घरी परतले, एकूण एक. लोक रस्त्यात आशीर्वादासाठी डॉक्टरांचा हात आपल्या कपाळाला लावत होते.

ते दवाखान्यात आले, दार लोटलं आणि तपासायच्या बाकावर बसून हुंदके देऊन रडले.

"इतकं सोपं होतं गं विर्जी," म्हणाले. "इतकं सोपं."